तांब्याच्या पत्र्यावरची स्त्री

आपल्यापैकीं बहुतेकांनीं आयुष्यांत जीं चित्रें पाहिलेलीं असतात, तीं मूळ चित्रें नसतात. तीं छापलेलीं चित्रें असतात. एखाद्या नामांकित चित्रकाराचें मूळ तैलचित्र कोठें तरी राजवाड्यांत किंवा संग्रहालयांत टांगलेलें असतें आणि तें पाहण्याचा योग फार थोड्यांना येतो. परंतु त्याची छापील प्रत मात्र दिवाणखान्यांत, देवघरांत, दुकानाच्या गल्ल्यामागें आणि दिनदर्शिकेच्या पानावर सहज भेटते. महाराष्ट्रांतील घरांना हें निराळें सांगावयास नको. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना काढला, आणि त्यानंतर लक्ष्मी कशी उभी राहते, सरस्वती वीणा कशी धरते, शकुंतला मागें वळून कशी पाहते, हें घरोघर ठरून गेलें. त्या चित्रांनीं देवतांना रूप दिलें. त्याचबरोबर स्त्रीनें कसें दिसावें, कसें बसावें, कोणाकडे पाहावें आणि कोणापुढें नजर खालीं घालावी, ह्याचाहि एक पाठ नकळत घालून दिला.

स्त्रीचें रूप म्हणून जें आपण मनांत बाळगतों, त्याचा बराचसा भाग अशा छापील चित्रांतून आलेला असतो. आणि तीं चित्रें बहुधा पुरुषांनीं काढलेलीं असतात. मग एखाद्या स्त्रीनें तेंच साधन, तीच शाई, तोच दाब आणि तोच कागद हातीं घेऊन आपलें म्हणणें मांडावयाचें ठरविलें, तर काय होतें? ह्या प्रश्नाचें एक विचार करण्याजोगें उत्तर पॉला रेगो ह्या चित्रकर्तीच्या कृतींत सांपडतें. रेगोबाईंचा जन्म २६ जानेवारी १९३५ रोजीं लिस्बन येथें झाला आणि ८ जून २०२२ रोजीं लंडनमध्यें त्या निवर्तल्या. जन्मभूमि पोर्तुगाल आणि कर्मभूमि इंग्लंड. त्यांनीं मोठमोठीं रंगीत चित्रेंहि पुष्कळ काढलीं. परंतु आजच्या भाषणाचा विषय मुख्यतः त्यांचीं मुद्राचित्रें हा आहे.

मुद्राचित्र ह्या कलेची थोडी ओळख आधीं करून घेतली पाहिजे. तिचे प्रकार अनेक आहेत. लाकडाचा ठसा कोरून छापलेलें चित्र हा फार जुना प्रकार. गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढून तें कागदावर उतरविण्याचा शिळाछाप, म्हणजेच लिथोग्राफ, हा जुन्या पोथ्या पाहिलेल्यांना परिचित असलेला दुसरा प्रकार. रेगोबाईंनीं शिळाछापाचा उत्तम उपयोग केला. पण त्याआधीं त्यांचा हात बसला तो एचिंगवर. एचिंगमध्यें तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर देतात. त्या थरावर कलावंत सुईनें रेघा ओढतो. सुईला जोर लावावा लागत नाहीं. मेण बाजूस सारून खालचें तांबें उघडें करणें एवढेंच तिचें काम. मग तो पत्रा तेजाबांत बुडवितात. जेथें तांबें उघडें पडलें असेल, तेथें तेजाब तें खातें आणि रेघ खोल होते. पत्रा जितका अधिक वेळ तेजाबांत राहील, तितकी ती रेघ छापतांना काळीभोर उमटते. पुढें थर काढून टाकून रेघांत शाई भरतात, वरची शाई फडक्यानें पुसून घेतात, ओलसर कागद पत्र्यावर ठेवतात आणि दोन रुळांच्या दाबाखालून तो काढतात. चित्रांत केवळ रेघ नको, छायाहि हवी असेल तर राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून तो तापवितात. पुडीच्या कणांभोवतीं तेजाब तांबें खातें आणि त्यायोगें पावसाळी आभाळासारखी करडी छाया मिळते. ह्या रीतीला ॲक्वाटिंट म्हणतात.

ह्या कृतींतून तीन गोष्टी निघतात. पहिली, एका पत्र्यापासून अनेक प्रती निघतात आणि त्यांतली कोणतीहि प्रत नक्कल नसते. प्रत्येक प्रत मूळच असते. दुसरी, छापतांना चित्र आरशांतल्याप्रमाणें उलटें होतें, म्हणजे उजवें तें डावें होतें. म्हणून कलावंताला आपलें चित्र नेहमीं पलीकडच्या बाजूनें कल्पावें लागतें. तिसरी, ह्या चित्राचा स्वभाव मुळांत काळ्या-पांढऱ्याचा आहे. रंगाची मोहिनी हाताशीं नसल्यामुळें सारी गोष्ट रेघेनें आणि छायेनें सांगावी लागते.

पहिल्या गुणामुळें मुद्राचित्र हें युरोपांत फार पूर्वींपासून चारचौघांत बोलण्याचें साधन झालें. इंग्लंडमध्यें विल्यम हॉगार्थनें श्रीमंतांच्या सौदेबाज विवाहाची कथा सहा तैलचित्रांत रंगविली आणि १७४५ सालीं तिच्या छापील प्रती विकल्या. मूळ चित्रें ज्यांना कधीं दिसलीं नसतीं अशांच्या घरींहि ती कथा पोंचली. स्पेनमध्यें गोयानें १७९९ सालीं आपल्या समाजाचे वेडेचार दाखविणारीं ऐंशी मुद्राचित्रें प्रसिद्ध केलीं आणि त्यांत ॲक्वाटिंटची काळोखी छाया अशी वापरली कीं, आजहि तीं पाहतांना मन दचकतें. रेगोबाई ह्या दोघांच्या परंपरेंतल्या. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, कीं त्यांच्या चित्रांत गोष्ट सांगणारी व्यक्ति स्त्री आहे.

हा फरक कोठून आला, हें कळण्यासाठीं त्यांच्या बालपणाकडे वळलें पाहिजे. त्या लहान असतां वडिलांना नोकरीनिमित्त इंग्लंडला जावें लागलें, आईहि बरोबर गेली, आणि मूल कांहीं काळ आजीजवळ राहिलें. घरांतल्या वडीलधाऱ्या बायका पोर्तुगीज लोककथा सांगत. त्या कथांत राक्षस, चेटकिणी, क्रूर बाप आणि त्याहून धूर्त मुली असत. वडिलांजवळ दान्तेच्या नरकवर्णनाची गुस्ताव्ह डोरेच्या चित्रांनीं सजलेली प्रत होती. तीहि ह्या मुलीनें भीत भीत आणि पुन्हां पुन्हां पाहिली. म्हणजे गोष्ट आणि छापील चित्र ह्यांची संगत त्यांना बालपणींच लाभली.

घराबाहेर मात्र निराळें जग होतें. पोर्तुगालवर सालाझारची हुकुमत होती. गोमंतकीयांना त्या राजवटीची ओळख करून द्यावयास नको. १९६१ सालापर्यंत तीच राजवट गोव्यावरहि चालत होती. तिच्या दृष्टीनें स्त्रीची जागा घर, चर्च आणि मुलेंबाळें येथें होती. विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या परवानगीवांचून परदेशीं जातां येत नसे, आणि हा निर्बंध १९६९ सालापर्यंत टिकला. आपल्या मुलीनें अशा देशांत वाढूं नये असें वडिलांना वाटलें आणि त्यांनीं तिला शिक्षणासाठीं इंग्लंडला पाठविलें. १९५२ ते १९५६ हीं वर्षें त्यांनीं लंडनच्या स्लेड कलाशाळेंत काढलीं. तेथेंच सहाध्यायी चित्रकार व्हिक्टर विलिंग यांच्याशीं त्यांचा परिचय झाला आणि पुढें विवाह झाला. विलिंग यांना दीर्घकाळचें असाध्य दुखणें लागलें. १९८८ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत रेगोबाईंनीं चित्रकला, संसार आणि शुश्रूषा हीं तिन्ही कामें बरोबरीनें केलीं. त्यांच्या चित्रांतील स्त्रिया उचलतांना, धुतांना, कपडे घालतांना, कोणाला तरी धरून बसवितांना वारंवार दिसतात. अशा कामांत शरीराला येणारी ताकद त्यांना ठाऊक होती.

१९८९ सालीं त्यांनीं इंग्रजी बडबडगीतांवर एचिंगची मालिका केली. आरंभ झाला तो नातीसाठीं कांहीं तरी करावें म्हणून. पॉल कोल्डवेल ह्या मुद्राचित्रकारानें छपाईच्या कामीं साहाय्य केलें. हीं गीतें आपल्या शहरांतल्या इंग्रजी शाळांत जाणाऱ्या मुलांनाहि तोंडपाठ असतात, आणि त्यांबरोबर येणारीं गोंडस, गुलाबी चित्रेंहि. एकोणिसाव्या शतकांत केट ग्रीनवेसारख्या चित्रकर्त्रींनीं टोपडें घातलेल्या नाजूक मुलींचा एक नमुनाच घालून दिला होता. रेगोबाईंनीं गीतांचा शब्दहि बदलला नाहीं. फक्त त्यांत जें लिहिलेलें आहे तें जसेंच्या तसें खरें मानलें. आंधळ्या उंदरांच्या शेपट्या सुरीनें कापणारी शेतकऱ्याची बायको त्यांनीं खरोखरीच सुरी घेतलेली धिप्पाड बाई म्हणून काढली. मिस मफेटजवळ येऊन बसणारा कोळी मुलीएवढा मोठा झाला आणि त्याला माणसाचें तोंड आलें. पॉलीनें चहाचें आधण ठेवावें अशा अर्थाच्या गीतांत दोन दांडग्या मुली चहा देत आहेत, आणि त्यांच्यापुढें चहाला बसलेले शिपाई खेळण्यांतल्या बाहुल्यांएवढे आहेत.

ह्या शेवटच्या चित्राशीं थोडें थांबावें. चहा करून देणें हें सर्व जगांत बायकांचें काम समजलें जातें. चित्रकर्तीनें तें काम बाईच्या हातून काढून घेतलेलें नाहीं, कीं त्याबद्दल तक्रारहि केलेली नाहीं. तिनें फक्त आकार बदलला. वाढणारी मोठी झाली आणि वाढून घेणारे लहान झाले. घरांत खरी सत्ता कोणाची, हा प्रश्न पाहणाराच्या मनांत आपोआप उभा राहतो, आणि त्याचें उत्तर सोपें नाहीं हेंहि ध्यानांत येतें. कारण एवढ्या मोठ्या झालेल्या त्या मुली शेवटीं चहाच ओतीत आहेत.

दुसऱ्या वर्षीं, १९९० सालीं, लंडनच्या नॅशनल गॅलरीनें एक नवी योजना आरंभिली. एखाद्या हयात चित्रकारानें तेथें कांहीं काळ राहून जुन्या संग्रहाच्या सहवासांत काम करावें, अशी ती योजना. त्या मानाच्या पहिल्या मानकरी रेगोबाई झाल्या. निमंत्रण आलें तेव्हां त्यांनीं आरंभीं नकार दिला होता. हा संग्रह पुरुषी आहे, त्यांत आपल्यासारख्या स्त्रीला घेण्यासारखें कांहीं नाहीं, असें त्यांना वाटलें. पुढें विचार पालटला.

त्यांचा पहिला संशय कांहीं निराधार नव्हता. त्याच संग्रहालयांत वेलाझ्केझचें व्हीनसचें प्रसिद्ध चित्र आहे. विवस्त्र व्हीनस पाहणाराकडे पाठ करून पहुडली आहे. मदनानें तिच्यापुढें आरसा धरला आहे आणि आरशांत तिचा चेहरा अस्पष्ट दिसतो. युरोपीय कलेंत शतकानुशतकें चालत आलेल्या एका मांडणीचा हा उत्कृष्ट नमुना होय: स्त्री निजलेली, आणि पाहणारा उभा. १० मार्च १९१४ रोजीं मेरी रिचर्डसन ह्या स्त्री-मताधिकारवादी बाईनें ह्या चित्रावर सुऱ्याचे घाव घातले. चळवळीच्या पुढारी एमेलिन पँकहर्स्ट यांना सरकारनें पकडलें होतें, त्याचा तो निषेध. चित्र पुढें दुरुस्त झालें आणि आजहि तेथें आहे. त्या कृत्याचें समर्थन करण्याचें कारण नाहीं. परंतु एक सुंदर चित्र पाहून एखाद्या स्त्रीला राग कां यावा, हा प्रश्न त्या घावांनीं कायमचा उभा करून ठेवला.

रेगोबाईंनीं ह्या प्रश्नाला निराळ्या वाटेनें उत्तर दिलें. जुनें चित्र फाडण्याऐवजीं त्या जुन्या चित्रांत शिरल्या आणि तेथल्या जागा त्यांनीं बदलल्या. फिलिप द शांपेन ह्या सतराव्या शतकांतील चित्रकाराचें एक चित्र त्या संग्रहांत आहे. संत जोसेफ निद्रिस्त आहे आणि देवदूत त्याला स्वप्नांत आदेश देत आहे. त्यावरून रेगोबाईंनीं १९९० सालीं 'जोसेफचें स्वप्न' हें चित्र रंगविलें. त्यांत म्हातारा जोसेफ खुर्चींत झोंपी गेला आहे आणि त्याच्यासमोर बसून एक भरदार अंगाची तरुण स्त्री त्याचें चित्र काढीत आहे. नमुना म्हणून पुरुष बसला आहे, निरखून पाहणारी स्त्री आहे. एवढ्या एका अदलाबदलीनें चित्रशाळेचा सारा इतिहास उलटा दिसूं लागतो. तांब्याच्या पत्र्यावरून कागदावर येतांना चित्र जसें उलटतें, तशीच ही क्रिया होय. जुनी मांडणी नीट पारखल्यावांचून ती अशी उलटवितां येत नाहीं.

संग्रहालयाच्या नव्या इमारतींतील उपाहारगृहासाठीं त्यांनीं १९९०-९१ मध्यें जें भव्य भित्तिचित्र केलें, त्यांतहि हीच वृत्ति आहे. पंधराव्या शतकांतील इटालियन चित्रकार क्रिव्हेली याच्या एका चित्राच्या तळपट्टींतील बागेवरून त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून त्याचें नांव 'क्रिव्हेलीची बाग'. रंग पोर्तुगीज घरांतील निळ्या-पांढऱ्या फरशांचे. बागेंत वावरणाऱ्या स्त्रिया बायबलांतील आणि संतकथांतील: ज्यूडिथ, डेलायला, मेरी मॅग्डेलीन, मार्था. त्यांच्यासाठीं नमुना म्हणून कोण बसलें? तर त्याच संग्रहालयांत काम करणाऱ्या कांहीं स्त्रिया. ज्या भिंतींवर फार थोड्या स्त्री-चित्रकारांची नांवें होतीं, त्याच वास्तूंत काम करणाऱ्या स्त्रिया अशा रीतीनें भिंतीवर जाऊन बसल्या. पुढें १९९९ सालीं हॉगार्थच्या विवाहकथेवरहि त्यांनीं तीन भागांचें चित्र केलें. हॉगार्थच्या चित्रांत लग्नाचा सौदा दोन बाप करतात. रेगोबाईंच्या चित्रांत तो आया करतात. शेवटच्या भागांत सर्वस्व गमावलेल्या नवऱ्याला बायको मांडीवर घेऊन बसली आहे. स्त्रिया नेहमीं निर्दोष असतात असें ह्या चित्रकर्तीनें कधीं म्हटलें नाहीं. मुलीला विकणारी आईहि तिनें तितक्याच स्वच्छपणें पाहिली.

२००१-०२ मध्यें त्यांनीं शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' ह्या १८४७ सालच्या कादंबरीवर पंचवीस शिळाछाप केले. ही कादंबरी आपल्याकडील अनेक पदवीधरांनीं अभ्यासिलेली असते. नायिका जेन ही अनाथ, गरीब, बुटकी आणि रूपानें सामान्य अशी शिक्षिका आहे. चित्रपटांतून मात्र तिचें काम सुंदर नटींनीं केलेलें पुष्कळांनीं पाहिलें असेल. रेगोबाईंची जेन सुंदर नाहीं. काळ्या पोषाखांत, कधीं पाठमोरी, दोन्ही पाय घट्ट रोवून ती उभी आहे. तिच्या मनांत काय चाललें आहे हें तिच्या पाठीवरून कळतें. माळ्यावर कोंडून ठेवलेली पहिली वेडी बायको बर्था हिच्याकडेहि त्यांनीं तितक्याच आस्थेनें पाहिलें. त्या बर्थेची बाजू मांडणारी जीन ऱ्हीस हिची कादंबरी वाचल्यावरच त्या ह्या कामाकडे वळल्या होत्या.

ह्या मालिकेंतलें एक चित्र आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार अर्थपूर्ण आहे. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणांत लहानगी जेन खिडकींत पडद्याआड बसून एक पुस्तक पाहते. तें पुस्तक म्हणजे टॉमस ब्यूइक याचा ब्रिटिश पक्ष्यांवरील सचित्र ग्रंथ. ब्यूइक हा लाकडी ठशांवर चित्रें कोरणारा नामांकित कारागीर. म्हणजे ह्या अनाथ मुलीचें मन छापील चित्रांवर पोसलें आहे. रेगोबाईंनीं तें शब्दशः घेतलें. त्यांच्या शिळाछापांत जेन तोंड वर करून बसली आहे आणि एक भला मोठा पाणकोळी आपली चोंच तिच्या तोंडांत देत आहे. तें भरविणें आहे, प्रेम आहे कीं बळजबरी आहे, हें निश्चित सांगतां येत नाहीं. चित्रें आपल्याला घडवितात तीं अशीच. त्यांतून मिळणारें अन्न आणि त्यांतून होणारी सक्ती हीं दोन्ही एकाच चोंचीनें येतात. २००५ सालीं ब्रिटिश टपालखात्यानें ह्या मालिकेंतील चित्रें तिकिटांवर छापलीं, आणि ती काळ्या पोषाखांतील कुरूप म्हणवली गेलेली शिक्षिका पाकिटांवर बसून घरोघर पोंचली.

परंतु मुद्राचित्राच्या शक्तीची खरी कसोटी ह्याआधींच लागली होती, आणि ती त्यांच्या मायदेशीं. पोर्तुगालमध्यें कांहीं मोजके प्रसंग सोडले तर गर्भपात हा गुन्हा होता. गुन्हा असल्यामुळें तो थांबत नव्हता. तो आडबाजूच्या खोल्यांत, अडाणी हातांनीं आणि चोरून होत होता. ज्यांच्याजवळ पैसा होता त्या परदेशीं जात. ज्यांच्याजवळ नव्हता त्या जीव धोक्यांत घालीत. विवाहानंतर कांहीं वर्षें रेगोबाई लिस्बनजवळच्या समुद्रकांठच्या एका गांवीं राहिल्या होत्या, तेथें त्यांनीं अशा स्त्रियांची अवस्था जवळून पाहिली होती. २८ जून १९९८ रोजीं कायदा बदलावा कीं नाहीं ह्यावर देशांत सार्वमत घेण्यांत आलें. एकतृतीयांशाहून कमी मतदार मतदानाला गेले, आणि थोडक्या मतांनीं बदल नाकारला गेला. रेगोबाईंना राग आला तो विरोधी मतापेक्षांहि ह्या अनास्थेचा.

त्यांनीं लगेच मोठ्या रंगीत खडूचित्रांची एक मालिका केली आणि तिच्यापाठोपाठ तोच विषय एचिंगमध्यें घेतला. एचिंग कां, हें आतां श्रोत्यांच्या ध्यानांत येईल. एक मोठें चित्र एका भिंतीवर राहतें. मुद्राचित्र अनेक ठिकाणीं एकाच वेळीं असूं शकतें, आणि काळ्या रेघांचें चित्र वर्तमानपत्राच्या कागदावरहि निभावून जातें.

ह्या चित्रांना नांवें नाहींत. एकेक स्त्री एकेका खोलींत एकटी आहे. एक शाळेच्या गणवेशांतली मुलगी आहे. कोणी पलंगावर अंग मुडपून पडली आहे, कोणी बादलीवर ओणवी बसली आहे, कोणी घडीच्या खुर्च्यांवर पाय टेकवून वाट पाहत आहे. रक्त कोठेंहि दाखविलेलें नाहीं. डॉक्टर नाहीं, पुरुष नाहीं, उपदेश करणारी अक्षरें नाहींत. आहे तें केवळ दुखणें, आणि तें सोसण्याची हिंमत. कांहीं जणी सरळ आपल्याकडे पाहतात. त्यांच्या नजरेंत याचना नाहीं.

आतां पुन्हां वेलाझ्केझच्या व्हीनसची आठवण करावी. येथेंहि स्त्री निजलेली आहे. येथेंहि पलंग आहे, उशी आहे, अंगाचें वळण आहे. शतकानुशतकें सुखासाठीं पाहिली गेलेली तीच मांडणी आहे. पण आतां त्या शरीराला स्वतःचें कांहीं घडत आहे, आणि पाहणाराला सुखानें पाहत राहणें अशक्य झालें आहे. जुन्या कलेचा एवढा दाट अभ्यास नसता, तर हीं चित्रें केवळ तक्रारीचीं चित्रें झालीं असतीं. जुनें चित्र पाहणाराच्या मनांत आधींच असतें; त्यामुळें नव्या चित्राचा आघात दुप्पट होतो.

११ फेब्रुवारी २००७ रोजीं पोर्तुगालमध्यें पुन्हां सार्वमत झालें. त्यापूर्वीं हीं चित्रें तेथील वर्तमानपत्रांत छापून आलीं होतीं आणि त्यांवर चर्चा झाली होती. ह्या वेळीं शेंकडा एकोणसाठांहून अधिक मतें बदलाच्या बाजूनें पडलीं, आणि त्याच वर्षीं कायदा बदलून पहिल्या दहा आठवड्यांपर्यंत निर्णयाचा अधिकार स्त्रीला मिळाला. लोकमत पालटण्यांत ह्या चित्रांचा वांटा होता, असें तेथें मानलें जातें. मतदानाचें श्रेय एकट्या चित्रकर्तीला देणें अर्थातच योग्य होणार नाहीं. नऊ वर्षें अनेक स्त्री-पुरुषांनीं त्यासाठीं खटपट केली होती. परंतु जी गोष्ट घरांत कुजबुजीनेंहि बोलली जात नव्हती, ती सकाळच्या वर्तमानपत्रांतून न्याहरीच्या टेबलावर येऊन पडली, हें काम छापील चित्रानेंच केलें.

ह्या चित्रकर्तीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, तिच्या स्त्रिया कुरूप, राकट आणि भयप्रद आहेत. कलेनें सौंदर्य द्यावें, तें येथें मिळत नाहीं. ह्यावर एवढेंच म्हणतां येईल कीं, नाजूकपणा हा सौंदर्याचा एक प्रकार आहे, एकमेव प्रकार नव्हे. कष्टानें रुंद झालेले खांदे आणि विचारानें आकसलेली भुंवई ह्यांतहि रेघेला शोभा असते. ती पाहण्याची डोळ्यांना संवय मात्र नसते, कारण तशीं चित्रें आपल्यापुढें आलींच नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं, हा प्रचार आहे. प्रचाराचें लक्षण हें कीं, तो पाहणाराला विचाराची सवड देत नाहीं. रेगोबाईंच्या बडबडगीतांत, जेनच्या चित्रांत, फार काय गर्भपाताच्या चित्रांतहि, निश्चित निकाल सांगितलेला नाहीं. पाहणाराला तेथें स्वतःच थांबावें लागतें आणि स्वतःच ठरवावें लागतें.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. कलावंताच्या सहीचीं आणि क्रमांकाचीं मुद्राचित्रें मोजकींच निघतात आणि त्यांची किंमत सामान्य गृहस्थाच्या आवांक्याबाहेरची असते. दिनदर्शिकेच्या चित्राप्रमाणें तीं झोंपडींत पोंचत नाहींत. परंतु वर्तमानपत्र, टपालतिकीट आणि पुस्तक ह्या मार्गांनीं तीं पुढें जातात, आणि संग्रहालयांत तीं कोणासहि पाहतां येतात. लिस्बनजवळच्या कश्काइश ह्या गांवीं २००९ सालीं रेगोबाईंच्या कृतींसाठीं एक संग्रहालय उघडलें. त्याचें नांव त्यांच्या इच्छेस साजेसें आहे: 'कथांचें घर'. ज्या देशांत त्या वाढूं नयेत असें त्यांच्या वडिलांना वाटलें होतें, त्याच देशानें त्यांच्या मृत्यूनंतर राष्ट्रीय दुखवटा पाळला.

लंडनला किंवा कश्काइशला जाण्याचा योग प्रत्येकाला येईलच असें नाहीं. पण चित्र पाहण्याची जी रीत ह्या चित्रकर्तीनें दाखविली, ती घरबसल्याहि उपयोगीं पडण्यासारखी आहे. घराच्या भिंतीवरचें देवीचें चित्र असो, मासिकाच्या मुखपृष्ठावरची युवती असो, साबणाच्या वेष्टनावरची गृहिणी असो किंवा मुलांच्या पुस्तकांतली राजकन्या असो, त्यांतल्या स्त्रीकडे पाहतांना दोन-तीन साधे प्रश्न विचारावे. हें चित्र कोणी काढलें? ती कोणाकडे पाहते आहे, कीं तिला पाहूंच दिलेलें नाहीं? तिच्या हातांना कांहीं काम आहे, कीं ते केवळ शोभेचे आहेत? आणि शेवटीं, हेंच चित्र तिनें स्वतः काढलें असतें, तर तें कसें झालें असतें? उत्तरें निरनिराळीं येतील. कित्येक जुनीं चित्रें ह्या प्रश्नांतून अधिकच प्रिय होऊन बाहेर पडतील. पण मुलगी जवळ बसून तेंच चित्र पाहत असेल, तर हे प्रश्न तिच्यादेखत मोठ्यानें विचारावे.